कुत्र्याच्या पंगतीतल्या मॅडम

खोब्रागडे मॅडमना कुठलाही प्राणी दिसला की त्या थांबायच्या आणि विचारायच्या, "याला शुगर होते का?"

साकोलीच्या बसस्टँडवर रवंथ करत बसलेली गाय, महामार्गाच्या कडेला प्रवाशांनी फेकलेली बिस्किटं गोळा करणारी माकडं, प्रयोगशाळेच्या खिडकीतली पाल, कोणीही यातून सुटत नसे. एकदा त्यांनी ताटलीतल्या गांडुळाबद्दल विचारलं आणि सगळा वर्ग हसला. मॅडम हसल्या नाहीत. त्यांना खरंच जाणून घ्यायचं होतं. उत्तर आलं नाही तरी चालायचं. "माहीत नाही" हे उत्तर तर त्यांना फार आवडायचं, फक्त त्याच्यापुढे "पण असं केलं तर कळेल" हे जोडावं लागायचं. नुसतं "माहीत नाही" म्हणून खाली बसणाऱ्याला त्या परत उभं करायच्या.

त्यांच्याबद्दल लिहायला बसले खरी, पण मला नीट जमेल की नाही, शंका आहे. आमच्या घरात कॉलेजात जाणारी मी पहिली, आणि परीक्षेच्या उत्तराशिवाय दुसरं काही मी आजवर लिहिलेलं नाही. मॅडमचं पूर्ण आयुष्यही मला ठाऊक नाही. त्या आम्हाला दोन वर्षं प्राणिशास्त्र शिकवायला होत्या, तासिका तत्त्वावर. म्हणजे तास असेल तर नोकरी, नसेल तर नाही. तरी त्या आमच्या घरात अशा काही शिरल्या की अजून आमच्याकडे जेवणाआधी कोणी ना कोणी त्यांचं नाव काढतं.

मॅडम काटकुळ्या. चालणं भरभर, पाठीला मोठी पिशवी, पिशवीत स्टीलचा डबा आणि त्याच्या बाजूला एक गार राहणारी छोटी थैली. मधल्या सुट्टीत त्या स्टाफरूममध्ये बसत नसत. प्रयोगशाळेतल्या लांब टेबलाच्या टोकाला बसायच्या, डबा उघडायच्या, त्यात भात किती, वरण किती हे एकदा नजरेनं पाहायच्या, मग कुर्त्याची कड जराशी उचलून पोटाला इन्सुलिनची सुई टोचायच्या. सुईचं टोपण लावलं की जेवण सुरू. पहिल्या दिवशी आम्ही मुली खाली मान घालून उठायला लागलो. त्या म्हणाल्या, "बसा ना. प्राणिशास्त्राच्या वर्गात येता अन् प्राण्याकडे पाठ करता?"

वर्गात त्या पुस्तकी मराठी बोलायच्या. मनातलं बोलायला लागल्या की मात्र आमची बोली आपोआप यायची.

त्या मूळच्या वरठीच्या. वडील तिथल्या पोलादाच्या कारखान्यात कामाला, सायकलनं जाणारे. मॅडम सहावीत असताना त्यांना शुगर निघाली. तेव्हा त्या आणखीनच काडीसारख्या होत्या. शुगर ही जाड माणसाला, गादीवर बसणाऱ्या शेठला होते, असंच सगळ्यांना वाटायचं. मग या पोरीला कशी? आळीनं ठरवून टाकलं की आईनं लाडानं साखर खाऊ घातली. आईनं घरातला साखरेचा डबा लपवला, तरी बोलणं थांबलं नाही. मॅडम सांगायच्या की त्यांच्या आळीत एक डुकरीण होती, चालताना पोट जमिनीला लागायचं. त्यांनी दवाखान्यात डॉक्टरांना विचारलं होतं, "तिले काहून नाही होत? ते तं माह्यापेक्षा किती जाडी हाये." डॉक्टर हसले आणि पुढच्या पेशंटला बोलावलं.

"तेच उत्तर मी अजून शोधून राहिली," मॅडम म्हणायच्या.

त्यांच्या कोंबडीच्या तासाचा विषय कॉलेजात अजूनही निघतो. प्रात्यक्षिकाला त्या आठवडी बाजारातून एक जिवंत कोंबडी घेऊन आल्या, पायाला सुतळी बांधून. घरी बोटाला टोचून साखर मोजतात ते छोटं मशीन टेबलावर ठेवलं. आधी स्वतःची मोजली, मग आमच्यातल्या अंकुशची. अंकुश अंगानं भरलेला, त्यामुळे सगळ्यांनी त्याच्याकडे बघून आधीच माना हलवल्या होत्या. त्याची अगदी बेताची निघाली. तो उगाचच कॉलर सरळ करून बसला. मग कोंबडीच्या पंखाखालच्या शिरेतून थेंब घेतला. आकडा अडीचशेच्या घरात.

अंकुश म्हणाला, "म्याडम, कोंबडीले ॲडमिट करा."

"तुझी एवढी आली असती तर तुलाच नेलं असतं दवाखान्यात," मॅडम म्हणाल्या. "तिची रोजचीच आहे. पाखरांची आपल्या दुप्पट-अडीचपट असते, अन् त्यांचं काही बिघडत नाही. आपले डोळे, किडनी, पाय या साखरेनं जातात. तिचे काहून जात नाहीत?"

मग त्यांनी शेळीचं, गायीचं सांगितलं, की त्यांची आपल्यापेक्षाही कमी असते. गायीला गूळ चारला तरी तो गूळ म्हणून रक्तात पोचतच नाही, तिच्या पोटातले जंतू आधी त्याला आंबवून टाकतात. म्हणून पोळ्याला बैलाला पुरणपोळ्यांचा मारा केला तर त्याला शुगर होत नाही, पोट आंबतं आणि तो आडवा पडतो. गोड एकच, पण ज्याच्या पोटात जातं त्याच्या पोटाप्रमाणे वागतं. आणि हे मशीन माणसाच्या रक्तासाठी केलेलं आहे, कोंबडीचा आकडा अंदाज म्हणूनच धरा, हेही बजावलं. आकडा सांगताना तो कुठपर्यंत खरा हे सांगितलं नाही तर त्यांना चैन पडत नसे.

तास संपल्यावर आम्हाला वाटलं, आता मॅडम तिला सोडून देतील. संध्याकाळी तिचा रस्सा झाला. दुसऱ्या दिवशी त्यांनी स्वतःच सांगितलं. अंकुशनं विचारलं, रश्शाची शुगर मोजली का. त्या म्हणाल्या, मोजायचा होता, पण उरला नाही.

मॅडम साकोलीत एका चहाच्या हॉटेलामागच्या खोलीत भाड्यानं राहायच्या. हॉटेल परसरामभाऊंचं. परसरामभाऊ स्वतः दांडगे, गल्ल्याच्या खुर्चीतून क्वचित उठणारे, आणि त्यांच्या मांडीवर किंवा दुधाच्या पातेल्यापाशी त्यांचा बोका. बोक्याचं नावच शेठ. दिवसभर साय खाऊन तो इतका फुगला होता की गिऱ्हाईकं त्याला उशी म्हणायची. मॅडम तिथं राहायला गेल्यानंतर थोड्याच दिवसांत त्यांना दिसलं की शेठ विचित्र चालतो. मांजर पंजाच्या टोकांवर चालतं, हा मागचे पाय टाचेपर्यंत जमिनीला टेकवून चालायचा, आणि भांडंभर पाणी प्यायचा. त्या त्याला गोणपाटाच्या पिशवीत घालून गुरांच्या दवाखान्यात घेऊन गेल्या. शेठला शुगर निघाली.

परसरामभाऊंना आधी हे खोटंच वाटलं. त्यांना स्वतःला शुगर होतीच, गोळ्या चालू होत्या. मांजराला माणसाची बिमारी कशी होईल? पण मॅडमनी बोक्याचा दूधभात बंद केला, मासळी आणि मटणाचे तुकडे सुरू केले, रोजची इन्सुलिनची सुई स्वतः टोचली. मधूनमधून डॉक्टरांना दाखवणं चालू होतंच. शेठ हळूहळू उतरला. मागचे पाय उचलून चालायला लागला. काही महिन्यांनी डॉक्टरांनी त्याची सुई बंद केली, आणि ती बंदच राहिली.

तेव्हा परसरामभाऊंना राग आला. मॅडमचा नाही, बोक्याचा. "ह्याची सुटली, माही काहून सुटत नाही?" असं ते येणाऱ्या-जाणाऱ्याला विचारायचे. मॅडमनी सांगितलं, तुम्हीही उठा खुर्चीतून. मग रोज सकाळी परसरामभाऊ धापा टाकत महामार्गाच्या कडेनं चालताना दिसायला लागले. बोक्याशी लागलेली शर्यत ते जिंकले नाहीत, पण निम्म्या गोळ्या कमी झाल्या एवढं नक्की.

मॅडमच्या खोलीतला दुसरा प्राणी म्हणजे काळू. तो त्यांना त्याच गुरांच्या दवाखान्यात भेटला होता. कोणीतरी आणून सोडलेला कुत्रा. भरपूर खायचा तरी बरगड्या मोजता याव्यात असा, आणि दोन्ही डोळ्यांत दुधासारखा मोतीबिंदू. कुत्र्याला शुगर झाली की डोळे असे लवकर पांढरे होतात, मॅडमनी सांगितलं. मालकाला डॉक्टरांनी म्हटलं होतं की याला जन्मभर दिवसातून दोनदा सुई लागेल. मालक बाहेर चहाला म्हणून गेला तो आलाच नाही. मॅडम त्याला स्कुटीवर पायांपाशी बसवून घरी घेऊन आल्या.

बोक्यासारखं काळूचं खाणं बदलून पाहिलं, फिरवून पाहिलं. सुई सुटली नाही. सुटणारही नव्हती. मॅडमनी ते आम्हाला असं सांगितलं होतं की मांजर बहुतेक वेळा आपल्या मोठ्या माणसांसारखं आहे. बसून खातं, फुगतं, शरीरात इन्सुलिन असतं पण त्याचं कोणी ऐकत नाही. वजन उतरलं तर पुष्कळदा ऐकायला लागतं. कुत्रं कितीही फुगलं तरी नुसत्या जाडीनं त्याला सहसा शुगर होत नाही. पण जेव्हा होते तेव्हा इन्सुलिन तयार करणारी जागाच बंद पडलेली असते. मग बाहेरून द्यावंच लागतं.

"परसरामभाऊ अन् शेठ एका पंगतीत," त्या म्हणायच्या. "मी अन् काळू दुसऱ्या."

आणि ते शब्दशः खरं होतं. संध्याकाळी त्यांच्या खोलीत दोन ताटल्या वाढल्या जायच्या. ताटली खणखणली की आंधळा काळू भिंतीला अंग घासत यायचा, खायचा, आणि खाऊन झालं की न सांगता मान वळवून खांदा पुढे करायचा. मॅडम आधी त्याला टोचायच्या, मग स्वतःला, मग जेवायच्या.

कुत्रा-शुगर आणि मांजर-शुगर हे शब्द आमच्या वर्गात रुळले. मॅडम बजावायच्या की ही माझी सोय आहे, शास्त्रातली नावं नाहीत, पेपरात लिहाल तर मार्क जातील. अंकुशनं लिहिलं. मार्क गेले.

थंडीत त्या आम्हाला एका तलावाच्या पाळीवर घेऊन गेल्या होत्या, दूरच्या थंड मुलखातून आलेली बदकं बघायला. आम्हाला वाटलं नावं लिहून घ्यायची असतील. त्यांनी बदकांची पोटं बघायला लावली. ही येतात तेव्हा खंगलेली असतात, परत जायच्या आधी खाऊन खाऊन चरबीनं गच्च होतात, आणि ती चरबी पंखांनी जाळत डोंगर ओलांडून घरी पोचतात. म्हणजे जाड होणं हा त्यांच्या वाटेचा डबा आहे, आजार नाही. "आपण डबा भरतो," मॅडम म्हणाल्या, "अन् गावाला जातच नाही." परतताना त्या बराच वेळ नागझिऱ्याच्या जंगलाकडे बघत होत्या. थंड देशातली अस्वलं झोपायच्या आधी फुगतात आणि जागी होईपर्यंत पुन्हा ठीक होतात, हे कोणीतरी मोजलेलं आहे. आपलं अस्वल तर झोपत नाही, आणि मोहाची फुलं पोटभर खातं. त्याचं काय होत असेल? त्यांना माहीत नव्हतं. ते सांगताना त्यांचा चेहरा असा उजळला होता, जसं कोणी त्यांना काहीतरी बक्षीस दिलंय.

हे सगळं माझ्यासाठी तोवर कॉलेजातलंच होतं. एकोडीत, म्हणजे आमच्या गावी, घरी, त्याचा काही उपयोग होईल असं मला वाटलं नव्हतं.

माझी धाकटी बहीण समीक्षा आठवीत. ती सारखं पाणी प्यायला लागली, रात्री उठायला लागली, युनिफॉर्म अंगावर लोंबायला लागला. भंडाऱ्याला नेलं तर शुगर निघाली. ती दवाखान्यात राहिली, इन्सुलिन घेऊन घरी आली. मी मॅडमना सांगितलं तेव्हा त्या एवढंच म्हणाल्या, "काळूची पंगत." आणि त्यांनी मला फ्रिज नसलेल्या घरात बाटली कशी ठेवायची ते शिकवलं. मातीच्या मडक्यात ओली रेती, त्यात छोटं गाडगं, गाडग्यात बाटली, वर ओलं फडकं. त्यांची आई वरठीला असंच ठेवायची.

घरी समीला माय टोचायची. शाळेच्या वेळेची सुई तिनं शाळेतच घ्यायची, असं डॉक्टरांनी सांगितलं होतं. ती शाळेच्या संडासात लपून घ्यायची, आणि कधी कधी घ्यायचीच नाही.

आणि घरात आबाजी होते, माझे आजोबा. आबाजी तरुणपणी गावच्या तलावाचे पाणकर होते. कोणाच्या बांधीत, म्हणजे धानाच्या शेतात, कधी आणि किती पाणी सोडायचं हे पाणकर ठरवतो, त्यामुळे गावात त्यांच्या शब्दाला मान. त्यांना कितीतरी वर्षांपासून शुगर होती आणि त्यांनी ती स्वतः वठणीवर आणली होती. भात अर्ध्यावर आणला, कारल्याचा रस सुरू केला, रोज पहाटे तलावाच्या पाळीला फेऱ्या. डॉक्टरांनीच मग त्यांच्या गोळ्या बंद केल्या. सगळ्या गावाला ते माहीत होतं. लोक त्यांना विचारायला यायचे.

आबाजींचा समीवर फार जीव. तिच्या पोटावरचे सुईचे डाग त्यांना बघवत नव्हते. त्यांनी ठरवलं की आपल्या गोळ्या सुटल्या तशी पोरीची सुई सोडवायची. समी तर लगेच तयार. दोघं पाळीवर फिरायला जायला लागली. कारल्याचा रस दोघांसाठी निघायचा. मी सांगून पाहिलं. कुत्रा, मांजर, सगळं सांगितलं, पण मॅडम सांगायच्या तसं मला सांगता येत नव्हतं. आबाजी शांतपणे म्हणाले, "तुहं कॉलेज दोन सालचं हाये, माही शुगर किती सालची?"

शिवाय साखर मोजायचं मशीन त्यांच्या बाजूनं बोलत होतं. सुई थोडी कमी केली, तरी आकडा बरा. आणखी कमी केली, तरी बरा. मायचीही खात्री पटत चालली. मग सुई बंद झाली.

एका सकाळी मी कॉलेजला निघाले तर समी अंथरुणातच होती. उलट्या चालू होत्या. श्वास जोरजोरात. मी जवळ गेले तर तिच्या तोंडाला वास येत होता, जास्त पिकलेल्या फळासारखा. घरात कोणी म्हणालं पित्त झालं असेल. मी अंगणात जाऊन मॅडमना फोन लावला. काय सांगायचं ते मला सुचेना, म्हणून मी वासाचंच सांगितलं.

त्या क्षणभरही थांबल्या नाहीत. म्हणाल्या, "गाडी कोणाकडे आहे? आत्ता साकोलीला निघा. दवाखान्यात पोचल्यावर पहिलं वाक्य हे सांगायचं की हिची सुई बंद केली होती. लाजायचं नाही." मग सौम्य आवाजात म्हणाल्या, "तिला धरून बस. मी पोचतेच."

आम्ही पोचलो तेव्हा मॅडम दवाखान्याच्या फाटकापाशी स्कुटी लावत होत्या. समी वाचली. दोन दिवस ती आमच्याकडे बघून न बघितल्यासारखी पडून होती, मग तिनं पाणी मागितलं, मग माझ्यावर चिडली, तेव्हा मायला रडू आलं.

आबाजींना तिथल्या डॉक्टरांनी बरंच सुनावलं होतं. ते त्यांनी खाली मान घालून ऐकून घेतलं. घरी आल्यावर मात्र ते अंगणातल्या खाटेवर बसले ते बसलेच. पाळीवर जाणं बंद. कारलं अंगणाबाहेर फेकून दिलं. स्वतःच्या खाण्याचंही पथ्य सोडलं. समी समोर आली की दुसरीकडे बघायचे. एकाला वाचवलं तर दुसरा खचला, असं घर झालं. मी मॅडमना सांगितलं.

पुढच्या रविवारी त्या आल्या. स्कुटीवर पायांपाशी काळू. त्यांनी आबाजींना नमस्कार केला, खाटेसमोर जमिनीवर बसल्या आणि डॉक्टरांसारखं काहीच बोलल्या नाहीत. परसरामभाऊंच्या बोक्याची गोष्ट सांगितली, तो कसा चालायचा, त्याची सुई कशी सुटली. मग काळूची सांगितली. आबाजी काळूच्या पांढऱ्या डोळ्यांकडे बघत होते.

"तुमचं औषध खोटं नव्हतं, आबाजी," मॅडम म्हणाल्या. "ते तुमच्या शुगरचं होतं. तुमची मांजराची. हिची अन् माही कुत्र्याची."

माय दारात होती, तिचा हात तोंडावर गेला. आमच्या घरात आबाजींना कोणी असं बोललं नव्हतं. आबाजींनी काळूवरची नजर काढून मॅडमकडे पाहिलं. मग हळूच विचारलं, "पन मंग सुई कमी केली तवा आकडा बरा काहून येत होता, बाई?"

मॅडम सांगणार होत्या की आजार नवा असताना शरीरात थोडं इन्सुलिन शिल्लक असतं. त्या तसं म्हणाल्याही. आबाजींनी हात वर करून त्यांना थांबवलं. ते मनाशी काहीतरी जुळवत होते.

"म्हंजे माह्या तलावात पानी हाये," ते म्हणाले. "पाट बुजला होता. म्या चालून चालून पाट साफ केला, पानी धानाले लागलं. इच्या तलावातच पानी नाही. बुडाशी थोडं उरलं होतं, ते आलं तवर आलं. मंग म्या पाट साफ करून कोनाले पानी देऊन राहिलो होतो?"

"हो जी," मॅडम म्हणाल्या. "तलाव आटला की बाहेरून पाणी आणावं लागते. रोज."

"रोज," आबाजी म्हणाले. त्यांनी समीकडे पाहिलं, कितीतरी दिवसांनी. "माह्या हातून पोरगी जाऊन राहिली होती."

मॅडमनी पिशवी जवळ ओढली. त्यांनी मायला विचारलं, जेवायला काय आहे. भात, वरण आणि वांग्याची भाजी होती. मॅडमनी काळूची ताटली पिशवीतून काढून फरशीवर खणखणवली. काळू अनोळखी अंगणातून खाटेचे पाय हुंगत बरोबर आवाजापाशी आला, खाल्लं, आणि मान वळवून खांदा पुढे केला. मॅडमनी सुई भरली आणि समीच्या हातात दिली.

समी म्हणाली, चावला तर. मॅडम म्हणाल्या, त्याला विचार. समीनं कातडी चिमटीत धरली आणि टोचलं. काळूनं शेपूट एकदा हलवलं, बस. मग मॅडमनी आपल्या कुर्त्याची कड उचलली, आबाजींसमोर, दारातून बघणाऱ्या शेजारणींसमोर, अंगणात सगळ्यांसमोर, आणि टोचून घेतलं. मग त्या समीची वाट बघत बसल्या. वरणावर साय धरायला लागली तरी कोणी घास उचलला नाही. आबाजींनीही नाही. शेवटी समीनं आपली सुई आपल्या हातानं घेतली, पहिल्यांदा सगळ्यांसमोर. आबाजी म्हणाले, "जेवा आता."

दुसऱ्या दिवसापासून आबाजी पुन्हा पाळीवर जायला लागले. समीही जाते, फिरायला कोणाचीच मनाई नाही. निघताना आबाजी तिला विचारतात, पाणी सोडलं का. म्हणजे सुई घेतली का.

त्यानंतर मॅडम आमच्याकडे बऱ्याचदा आल्या. दरवेळी आबाजी त्यांना काहीतरी विचारायचे. रानडुकराला होते का. ज्या वटवाघळाचं पोट गोड फळांवरच भरतं, त्याला का होत नाही. मॅडम यातलं जे माहीत होतं ते सांगायच्या. वटवाघूळ इतकं गोड खाऊनही उडता उडता ती साखर झटकन वापरून टाकतं, हे आबाजींना फार पटलं. जे माहीत नसेल तिथं त्या म्हणायच्या, "माहीत नाही, पण." आणि मग दोघं मिळून अस्वलाचं रक्त कसं काढावं याच्या योजना करत बसायची.

या वर्षी कॉलेजात मॅडमचे तास राहिले नाहीत. त्यांना दुसऱ्या जिल्ह्यातल्या कॉलेजात जागा मिळाली. त्या गेल्या त्या सकाळी मी समीला घेऊन साकोलीला गेले. हॉटेलसमोर एक छोटा टेम्पो उभा होता. त्यात एक पलंग, पुस्तकांची पोती, आमच्याकडच्यासारखंच एक रेतीचं मडकं, आणि गुंडाळलेल्या गादीवर काळू. परसरामभाऊंनी तर्री पोह्यांचा पुडा बांधून दिला. मॅडमनी पुडा हातात तोलून त्यातले पोहे नजरेनं मोजले आणि म्हणाल्या, भाऊ, एवढे तर बोकाही खाणार नाही. परसरामभाऊ म्हणाले, बोक्याला आता कोण देतंय. बोलताना त्यांनी तोंड गल्ल्याकडे फिरवलं होतं. शेठ गल्ल्यावर झोपला होता, त्याला यातल्या कशाचंच काही नव्हतं.

मॅडम ड्रायव्हरच्या शेजारी बसल्या. टेम्पो सुरू झाला, तेव्हा त्यांनी डोकं बाहेर काढलं आणि समीला विचारलं, "नव्या वर्गात कोणी विचारलं तर काय सांगशील?"

माझी बहीण, जी शाळेच्या संडासात लपून सुई घ्यायची, ती महामार्गावरच्या ट्रकच्या आवाजावर आवाज चढवून म्हणाली, "सांगीन, मी कुत्र्याच्या पंगतीतली आहे."

चहा पिणारी माणसं कप हातात धरून आमच्याकडे बघायला लागली. एक म्हातारी म्हणाली, अशी काय पोर ही. टेम्पोतल्या गादीवर काळूनं समीच्या आवाजाच्या दिशेनं तोंड वळवलं, पांढरे डोळे उन्हात चमकले. मॅडमचा एक हात सीटमागच्या जाळीतून आत गेला आणि काळूच्या मानेवर टेकला, आणि टेम्पो लाखनीच्या रस्त्याला लागेपर्यंत तो हात तिथंच होता.